मागाहून जाणारी बोट

दिवाळीच्या सुट्टीत आमचं आणि शेजारच्या अण्णांचं अशी दोन बिऱ्हाडं एकाच गाडीत घालून आम्ही कारवारला गेलो होतो. अण्णा म्हणजे सरकारी बस डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. घरची भाषा कन्नड. पण पस्तीस वर्षं आमच्या गल्लीत काढल्यामुळं मराठी आमच्याइतकीच चांगली, आणि कुणावर चिडले तर आमच्याहूनही चांगली. बैतखोल बंदराच्या बाजूला गाडी थांबवून आम्ही शहाळी पीत होतो. अण्णांच्या नातवानं समोर बोट दाखवलं आणि विचारलं, "अज्जा, त्या बोटीला टायर कशाला बांधलेत?"

बोट बुटकी, रुंद, पुढून उंच आणि मागं सपाट. अंगाभोवती काळ्या टायरांची माळ. पोराला उत्तर द्यायची जबाबदारी साहजिकच माझ्यावर आली. प्राध्यापक माणसाला सगळं ठाऊक असतं, असा एक गैरसमज आमच्या गल्लीत आहे. मी सांगितलं, "ती टग. मोठ्या जहाजाला ढकलायची, ओढायची बोट. ढकलताना जहाजाचा पत्रा चेपू नये म्हणून टायर." पोराचं समाधान झालं. अण्णा मात्र शहाळं हातात धरून बराच वेळ त्या बोटीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "अंद्र, नम्म ब्रेकडाऊन गाडी इद्दंग!" म्हणजे आपल्या ब्रेकडाऊन गाडीसारखी की!

इतकी चोख व्याख्या मला कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती. अण्णांनी स्वतः बारा वर्षं डेपोच्या ब्रेकडाऊन गाडीवर काढलेली. एस.टी. बंद पडली, घसरली, उलटली की रात्री-अपरात्री निघायचं, दोर लावायचा आणि ओढून आणायचं. त्या संध्याकाळी समुद्रावर पोरं वाळूत खेळत होती, तेव्हा मी अण्णांना एका टगची गोष्ट सांगितली. माझा विषय इतिहास. वर्गात इतिहासाची साधनं शिकवताना शिलालेख, ताम्रपट, बखरी हे झालं की मी हल्ली शेवटी या बोटीवर येतो. मुलं आधी हसतात. तीच गोष्ट आज वाचकांसाठी.

बंदरातली टग आपल्याला दिसते तरी. तिचं काम समजायला अवघड नाही. मोठ्या जहाजाचं इंजिन कितीही ताकदवान असलं तरी धक्क्याजवळ अरुंद जागेत त्याला वळता येत नाही, चटकन थांबता येत नाही. जानेवारी २०१४ मध्ये 'विक्रमादित्य' ही विमानवाहू नौका कारवारच्या आपल्या नाविक तळावर आली, तेव्हा छायाचित्रं तिचीच छापून आली. पण अशी फर्लांगापेक्षा लांब नौका धक्क्याला लावायची म्हणजे या बुटक्या बोटी लागतातच. लग्नातल्या वाढप्यांचा फोटो कुणी काढत नाही, तसलाच हा प्रकार.

समुद्रातली टग मात्र वेगळी. ती बंदर सोडून हजारो मैल जाते. बंद पडलेली युद्धनौका ओढून आणते, पाणबुड्यांना घेऊन बुडालेल्या जहाजांवर जाते, समुद्राच्या तळाशी हरवलेलं शोधते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलानं अशा टग पुष्कळ बांधल्या. त्या म्हाताऱ्या झाल्यावर १९७० च्या दशकात नव्या सात टगांचा वर्ग काढला. पहिलीचं नाव 'पोव्हॅटन', म्हणून तो पोव्हॅटन वर्ग. सातवी आणि शेवटची टग 'अपाची'. माझी गोष्ट हिची.

अपाची समुद्राकाठी जन्मलीच नाही. विस्कॉन्सिन राज्यात मरिनेट नावाचं गाव आहे. तिथं गोड्या पाण्याच्या मिशिगन सरोवराच्या बाजूला जहाजं बांधतात. तिथून पंचमहासरोवरं आणि सेंट लॉरेन्स नदी यांच्या वाटेनं खाऱ्या पाण्यात उतरायचं. १९८१ मध्ये ती नौदलाच्या ताब्यात आली. लांबी ६९ मीटर, रुंदी सुमारे १३ मीटर, वजन सव्वादोन हजार टनांच्या आसपास. दोन डिझेल इंजिनं, मिळून ७,२०० अश्वशक्ती. ही इंजिनं जनरल मोटर्सच्या रेल्वे इंजिनांच्या घराण्यातली. हुबळीच्या डिझेल शेडमध्ये पुढं त्या कंपनीची जी इंजिनं आली, त्यांची ही थोरली भावंडं म्हणा. वेग जेमतेम १५ नॉट, म्हणजे ताशी २७-२८ किलोमीटर. आमच्या कॉलेजची मुलं त्यापेक्षा जोरात गाड्या मारतात. पण टगचं मोल वेगावर ठरत नाही. धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला दोर बांधून टगला पूर्ण जोरानं ओढायला लावतात आणि दोरावर किती ताण आला ते मोजतात. 'बोलार्ड पुल' म्हणतात त्याला. अपाचीचा ताण सुमारे ५४ टनांचा. पंख्यांभोवती जाड नळकांडी बसवलेली, म्हणजे संथ वेगातही पाणी चौफेर न फाकता सगळा जोर ओढण्याला मिळावा.

आणखी एक गंमत. बोट नौदलाची, पण तिच्यावरचे खलाशी नागरी. मिलिटरी सीलिफ्ट कमांड नावाचा विभाग आहे, त्याचे हे पगारी दर्यावर्दी. सोळा-वीस माणसांत सगळं भागवायचं. तोफा नाहीत. मागचा भाग मुद्दाम मोकळा ठेवलेला. ज्या कामाला जायचं त्याचं सामान तिथं चढवायचं. अण्णा म्हणाले, "आमच्या गाडीत पण तसंच. ड्रायवर एक, मेकॅनिक दोन, आणि मागं जॅक, साखळी, फळ्या."

नावांविषयी एक बोलल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेच्या नौदलात टगांना तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमातींची, टोळीनायकांची नावं द्यायची जुनी पद्धत. नॅव्हाहो, मोहॉक, सू, अपाची. ज्या अपाची लोकांशी त्या सरकारनं एकोणिसाव्या शतकात वर्षानुवर्षं लढाया करून त्यांना त्यांच्या मुलखातून उठवलं, त्यांचंच नाव ओझी ओढणाऱ्या बोटीला. यात मान किती आणि विसरभोळेपणा किती, हे त्या जमातीच्या माणसांनीच सांगावं. असो.

या नावाची एक टग आधीही होती, महायुद्धाच्या काळातली. मे १९६८ मध्ये 'स्कॉर्पियन' ही अमेरिकन पाणबुडी ९९ माणसांसह अटलांटिकमध्ये बुडाली. पुढच्या वर्षी खोल पाण्यात उतरणारं 'ट्रिएस्ट-२' हे यान त्या अवशेषांवर पाठवलं, तेव्हा त्याला पोटात घेणारी तरंगती गोदी ओढत नेली ती या थोरल्या अपाचीनं. धाकटीची सख्खी बहीण 'नॅरगॅन्सेट' हिच्या वाट्याला १९८३ मध्ये तसलंच काम आलं. सोव्हिएत लढाऊ विमानानं कोरियन एअरलाइन्सचं प्रवासी विमान पाडलं, २६९ माणसं गेली. साखालिन बेटाजवळच्या समुद्रात विमानाची ध्वनिमुद्रणाची पेटी शोधायला जी अमेरिकन जहाजं गेली त्यांत ती होती. तिला काही मिळालं नाही. मिळणार कसं? पेट्या सोव्हिएत नौदलानं आधीच काढून गुपचूप ठेवल्या होत्या. ते कबूल करायला १९९२ साल आणि येल्त्सिन यावे लागले. म्हणजे बघा, तळ धुंडाळायला गेलेली बोट रिकामी आली याचा अर्थ तळाशी काही नव्हतं, असा होत नाही.

आता धाकट्या अपाचीकडं येऊ. तिनं चाळीस वर्षं जे केलं त्यातलं बहुतेक असंच. ओढलं, आणलं, पोचवलं. बातमी होण्यासारखं नाही. पण चौतिसाव्या वर्षी तिच्यावर एक काम येऊन पडलं.

२९ सप्टेंबर २०१५ च्या रात्री फ्लॉरिडातल्या जॅक्सनव्हिल बंदरातून 'एल फारो' नावाचं मालवाहू जहाज निघालं. निघालं होतं प्वेर्तो रिको बेटावरच्या सान हुआनला. कंटेनर आणि मोटारी भरलेल्या. जहाज १९७५ सालचं, म्हणजे वयानं चाळिशीचं, लांबी २४१ मीटर. वर ३३ माणसं. २८ अमेरिकन, ५ पोलंडचे. वाटेत 'वाकीन' नावाचं चक्रीवादळ तयार होत होतं. त्याची बातमी जहाजावर होती. १ ऑक्टोबरला सकाळी जहाजाकडून कळलं की पाणी शिरलंय, जहाज कललंय, इंजिन बंद पडलंय. त्यानंतर काही नाही.

तटरक्षक दलानं वादळातच विमानं पाठवली. ७ ऑक्टोबरपर्यंत शोध चालला. एक मोडलेली लाइफबोट मिळाली. तरंगणाऱ्या पोशाखात एका माणसाचा मृतदेह दिसला, तोही वर घेता आला नाही. तेहतीसपैकी एकही परत आला नाही. माणसं शोधायचं काम संपलं.

आणि इथं टगचं सुरू झालं.

जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या वरच्या खोलीत, माइक बसवलेले असतात. तिथलं बोलणं, जहाजाची जागा, वेग, दिशा हे सगळं एका पेटीत साठत जातं. विमानातल्या ब्लॅक बॉक्सचाच हा भाऊ. त्याला व्हॉयेज डेटा रेकॉर्डर म्हणतात. बुडाल्यावर या पेटीतून 'टक टक' आवाज येत राहतो, पण बॅटरी साधारण तीस दिवसांची. म्हणजे मुदत ऑक्टोबरअखेर. वाहतूक अपघातांची चौकशी करणाऱ्या मंडळानं नौदलाकडं मदत मागितली आणि १९ ऑक्टोबरला अपाची व्हर्जिनियातल्या लिटल क्रीकहून निघाली. मागच्या मोकळ्या भागात तीन अवजारं. आवाज ऐकायचा यांत्रिक कान, तळाची चित्रं घेणारं 'ओरायन' सोनार, आणि 'कर्व्ह-२१' नावाचं यंत्र. हे माणसाविना खाली उतरतं, तारेवरून चालवतात, वीस हजार फुटांपर्यंत जातं, डोळे आणि हात दोन्ही असलेलं.

बहामाजवळच्या त्या जागी पोचल्यावर कान दोरानं पाण्यात सोडून टग पुढं-मागं फिरत राहिली. नांगरट करताना बैल शेताच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जातात तसं. वेग माणसाच्या चालण्याएवढा, कारण मागं मैलोगणती तार. काहीच ऐकू आलं नाही. मग कान वर घेऊन सोनार सोडलं. ३१ ऑक्टोबरला पडद्यावर जहाजाच्या आकाराचं काहीतरी उमटलं. कर्व्ह खाली गेलं. एल फारोच. सुमारे १५,४०० फूट खोल, ताठ उभं, मागचा भाग चिखलात रुतलेला. आपल्या कर्नाटकातलं सगळ्यांत उंच शिखर मुळ्ळय्यनगिरी. ते एकावर एक दोनदा रचलं तरी वर अर्ध्या मैलाहून जास्त पाणी उरेल, एवढं खोल.

पण ज्यासाठी गेले तेच तिथं नव्हतं. ब्रिजचे वरचे मजले जहाजापासून तुटून निघालेले. ते वेगळे पडलेले सापडले. त्यावरचा खांब, ज्याला पेटी बसवलेली, तो तिथंही नाही. नोव्हेंबरच्या मध्याला अपाची रिकाम्या हातानं परतली.

"मग सोडून दिलं?" अण्णांनी विचारलं.

नाही दिलं सोडून. एप्रिल २०१६ मध्ये 'अटलांटिस' नावाचं संशोधन जहाज गेलं आणि २६ तारखेला त्याला पेटी दिसली. खांबाला चिकटलेली, आजूबाजूला लोखंडाचा पसारा. दिसली, पण काढायचं अवजार त्या जहाजावर नव्हतं. ऑगस्टमध्ये पुन्हा अपाची. ८ ऑगस्टच्या रात्री कर्व्हच्या लोखंडी हातांनी माणसाच्या मिठीत मावेल एवढी ती पेटी वर आणली. बुडाल्याला दहा महिने आणि एक आठवडा झाला होता. खाऱ्या पाण्यात, प्रचंड दाबाखाली, इतके दिवस. तरी आतलं मुद्रण शाबूत होतं. तेही २६ तासांचं.

या २६ तासांची लिखित प्रत करायला चौकशी मंडळाच्या गटाला ११०० हून जास्त तास लागले. वाऱ्याचा आवाज, यंत्रांची घरघर, त्यात अर्धवट शब्द. १३ डिसेंबर २०१६ ला ती प्रसिद्ध झाली, सुमारे ५०० पानं. मी ती वाचायला घेतली ती उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि खरं सांगतो, सलग वाचता आली नाही. बखर वाचताना आपण निर्धास्त असतो, कारण ती लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो. इथं बोलणाऱ्यांना तो माहीत नाही आणि आपल्याला माहीत आहे. कॉफीचं बोलणं आहे. घरच्या गोष्टी आहेत. चेष्टा आहे.

कॅप्टनची समजूत होती की आपण वादळाच्या दक्षिणेकडून निसटू. वाट त्यानं थोडी बदललीही होती. परतीच्या खेपेला लांबची, पण बेटांच्या आडोशाची वाट घेऊ का, असं त्यानं कंपनीला ईमेल पाठवून विचारलंही होतं. जातानाची मात्र जवळचीच ठेवली. हवामानाची जी फाइल तो बघत होता ती कित्येक तास जुनी असायची. त्याहून ताजी माहिती ब्रिजवरच्या दुसऱ्या यंत्रावर छापून येत होती. वादळाचा अंदाज त्या वेळी हवामानवाल्यांचाही चुकत होता, हेही सांगितलं पाहिजे. रात्री अकराच्या सुमारास तिसऱ्या मेटनं फोन करून सांगितलं, पहाटे आपण वादळाच्या पोटाशी असू. मध्यरात्रीनंतर दुसरी मेट, ही एक तरुण बाई होती, तिनंही फोन केला. दक्षिणेकडं वळायची वाट आहे, असं सुचवलं. वाट बदलली नाही. कॅप्टन ब्रिजवर आला तो पहाटे चारनंतर.

इथं अण्णांनी मला थांबवलं. "सर, दोघांनी सांगितलं. तिसऱ्यांदा का नाही सांगितलं? जोरात का नाही सांगितलं?"

मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही डेपो मॅनेजरला तिसऱ्यांदा सांगत होता का?"

ते काही बोलले नाहीत.

पुढची कारणं चौकशी मंडळानं १२ डिसेंबर २०१७ ला मांडली. मालाच्या कोठीत जाणारं एक झाकण उघडं राहिलं होतं, तिथून पाणी. पाणी शिरल्यावर आतला माल हलला, त्यानं समुद्राच्या पाण्याचा एक पाइप बहुधा तुटला, तिथून आणखी पाणी. जहाज एका बाजूला कललं. इंजिनाची गोष्ट अण्णांनी माझ्याआधी ओळखली. टाकीत वंगणाचं तेल होतं, पण जहाज कलल्यामुळं ते एका बाजूला सरकलं आणि तेल ओढणारं तोंड उघडं पडलं. "अय्यो, फूटवॉल्व्ह पाण्याबाहेर आल्यागत!" अण्णा म्हणाले. "विहिरीत पाणी आहे, मोटर चालू आहे, पण वारा ओढतीय." बरोबर तसंच. सकाळी सहानंतर इंजिन बंद. वादळात बिनइंजिनाचं जहाज म्हणजे आडवं पडलेलं लाकूड. त्यातून लाइफबोटी जुन्या पद्धतीच्या, वरून उघड्या. जहाज जुनं म्हणून त्याला बंदिस्त बोटींची सक्ती नव्हती.

दोषाचा मोठा वाटा अहवालानं कॅप्टनवर ठेवला. वादळ टाळायला पुरेसं केलं नाही, ताजी माहिती घेतली नाही, माणसांना गोळा करायला उशीर केला. कंपनीच्या सुरक्षा व्यवस्थेवरही ठपका ठेवला. एकूण ५३ शिफारशी केल्या.

पण त्या पेटीत आणखी काही होतं. साडेसातला जहाज सोडायची घंटा दिली. ब्रिज इतका तिरका की सुकाणूवरचा खलाशी खाली घसरलेला, त्याला वर चढता येईना. तो थकलाय, घाबरलाय, मला सोडून जाऊ नका म्हणतोय. आणि कॅप्टन त्याला सोडून जात नाही. धीर देतोय, पाय कुठं ठेवायचा ते सांगतोय, मी जाणार नाही म्हणतोय. सात एकोणचाळीसला मुद्रण संपतं, तेव्हा दोघं तिथंच आहेत.

वर्गात मी इथं थांबतो. मुलं विचारतात, "सर, मग कॅप्टन चांगला की वाईट?" मी म्हणतो, साधन काय सांगतंय ते दोन्ही उतरवून घ्या. निकालाची घाई करू नका. ती पेटी वर आली नसती तर काय झालं असतं? एक तर सगळा दोष वादळाचा, देवाची करणी. नाहीतर सगळा दोष मेलेल्या कॅप्टनचा. मधलं काही उरलं नसतं. जुनी हवामानाची फाइल, उघडं झाकण, दोन फोन, आणि शेवटची ती दहा मिनिटं, सगळं साडेपंधरा हजार फूट खाली राहिलं असतं. त्या सुकाणूवरच्या खलाशाचं आडनाव हॅम. २०१८ मध्ये अमेरिकेत सागरी सुरक्षेचा जो कायदा झाला, त्यातल्या एका भागाला 'हॅम अलर्ट' असं त्याचं नाव आहे.

आपल्याकडचं उदाहरण फार लांब जाऊन शोधायला नको. मे २०२१ चं तौक्ते चक्रीवादळ कारवारकर, गोवेकर विसरले नसतील. आपला किनारा झोडपून ते वर गेलं आणि १७ मे रोजी मुंबईच्या समुद्रात तेलविहिरींजवळ 'पी-३०५' हा तराफा बुडाला. त्याच वादळात 'वरप्रदा' नावाची एक टगही गेली. टगवर १३ माणसं होती, दोन वाचली. दोन्ही मिळून २७४ जणांपैकी ८६ दगावले. नौदलाच्या जहाजांनी उधाणात माणसं वर काढली, ती बातमी सगळ्यांनी वाचली. त्यानंतर 'मकर' हे सर्वेक्षणाचं जहाज सोनार घेऊन तळाशी पी-३०५ कुठं आहे ते शोधत होतं, ही बातमी मात्र आतल्या पानावर. वादळाचे इशारे आधी येऊनही तराफा तिथं का राहिला, हा प्रश्न तिथंही उरलाच.

अपाची २०२२ मध्ये, एक्केचाळीस वर्षांच्या नोकरीनंतर, सेवेतून निवृत्त झाली. तिनं एल फारोवरचा एकही माणूस वाचवला नाही. ती गेली तीच अठरा दिवसांनी. तरी त्या तेहतीस घरांना आपली माणसं शेवटी काय करत होती, काय बोलत होती, हे कळलं ते तिच्यामुळं. ऐकून कुणाला शांत वाटलं असेल, कुणाची झोप उडाली असेल.

माझी गोष्ट संपली तेव्हा अंधार पडला होता. लांब कुठल्या तरी जहाजाचे दिवे दिसत होते. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीच सुरुवात केली.

"सर, एकदा घाटात गाडी गेली. पुष्कळ वर्षं झाली. रात्री गेली, सकाळी आम्ही पोचलो. माणसं तोवर नेलेली. ड्रायवर आणि दोन पॅसेंजर संपले. ड्रायवर माझ्या ओळखीचा, एका ताटात जेवलेला. आमचं काम काय, गाडी ओढायच्या आधी बघून लिहायचं. ब्रेक कसा, टायर कसे, गिअर कुठं. गिअर न्यूट्रलला होता."

मी विचारलं, "म्हणजे?"

"उतारावर न्यूट्रल टाकून सोडायची. डिझेल वाचतंय. कमी डिझेल जाळलं की शाबासकी. सगळेच करायचे. सोबतचा म्हणाला, अण्णा, गिअरवर टाक आणि मग लिही. मेलाय बिचारा, बायको-पोरं आहेत."

"मग?"

"लिवलं, न्यूट्रल. हात थरथरत होता. पण तेवढंच नाही लिवलं. स्टिअरिंग पुरतं डोंगराकडं वळवलेलं होतं. गाडी आधी डोंगराला घासलेली, पत्र्यावर दगडाचा रंग होता, मग उलटली. दरीकडं नाही सोडली त्यानं. चाळीस माणसं होती आत. ते पण लिवलं, सगळं, कुठल्या बाजूचा पत्रा, किती फूट."

पोरं आता वाळू झटकत आमच्याजवळ येऊन बसली होती. नातू अण्णांच्या मांडीवर डोकं ठेवून आडवा झाला.

"दोन वर्षांनी त्याची बायको डेपोत आली," अण्णा म्हणाले. "मला वाटलं, शिव्या द्यायला आली. न्यूट्रल कुणी लिवलं म्हणून. ती म्हणाली, स्टिअरिंगचं कुणी लिवलंय ते भाऊ कोण? मी म्हटलं, मीच. तर म्हणाली, तेवढी ओळ मला लिहून द्या. कागद काय आम्हाला बाहेर देता येत नाही. मी तिकिटाच्या कोऱ्या रोलाचा तुकडा फाडला आणि लिहून दिली. रिपोर्ट कन्नडमध्ये, म्हणून ओळ पण कन्नडमध्ये दिली. तिनं कागद उलटा-सुलटा करून बघितला. त्यांचं गाव मराठी. मग परत घेतला तिच्या हातातनं आणि खाली मराठीत लिवली. माझं मराठी लिहिणं तुम्हाला माहीत आहे. ऱ्हस्व-दीर्घ सगळं चुकलं असेल."

आमच्या हिनं हाक मारली, जेवायला उशीर होतोय म्हणून. अण्णांनी झोपलेल्या नातवाला खांद्यावर घेतलं आणि आम्ही गाडीकडं निघालो.